आधी पालथं घाला: जुनी अमेरिकन सर्व्हिंगची भांडी कशी ओळखायची आणि त्यांचा भाव कसा काढायचा

ओहायोत किंवा पेनसिल्व्हेनियात शनिवारी सकाळी कोपऱ्यावर ‘एस्टेट सेल’ लिहिलेला पुठ्ठ्याचा बाण दिसला की मी गाडी वळवते. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं किंवा वृद्धाश्रमात हललेलं असतं, आणि दोन-तीन दिवसांत त्याचं आख्खं घर विकून रिकामं करायचं असतं. पहिल्यांदा गेले तेव्हा परक्या बाईच्या स्वयंपाकघरातली कपाटं उघडायला हात धजावत नव्हता. आता सरळ तिथेच जाते. बैठकीतल्या शोभेच्या वस्तूंवर व्यापाऱ्यांचा डोळा आधीच पडलेला असतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला वर्षातून एकदा निघणारं मोठं प्लॅटर, म्हणजे वाढायचं पसरट ताट, मात्र फ्रिजच्या वरच्या कपाटात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं असतं.

नव्याने हा नाद लागलेल्यांना मी जेवणाच्या ताटल्या सोडून वाढायच्या भांड्यांकडे बघायला सांगते. आपल्याकडे घरात ताटं बारा असली तरी पुरणाचं पातेलं एकच असतं. तिथेही तसंच. सेटमध्ये ताटल्या आठ, पण झाकणाचा वाडगा एक, ग्रेव्हीची चंबूवजा सॉसबोट एक, लांबट प्लॅटर फार तर दोन. ही भांडी तापतात, हातोहात फिरतात, सिंकमध्ये आपटतात. मूळ संख्या कमी आणि फुटायचं प्रमाण जास्त, त्यामुळे धडधाकट उरलेल्या नगाला ताटलीपेक्षा बरा भाव येतो. त्यातही झाकणासकट असेल तर विचारूच नका.

उचलायचं कसं

सोपं वाटतं, पण पहिलं भांडं इथेच फुटतं. झाकण असेल तर ते आधी काढून वेगळं ठेवा. दांडीला किंवा कानाला धरून उचलू नका, कारण दांडी कुणीतरी चिकटवलेली असू शकते. दोन्ही हात बुडाखाली घाला, टेबलावरच भांडं पालथं घाला आणि मग बघा. चष्मा, छोटी टेप आणि मोबाइलचा टॉर्च जवळ असू द्या.

कडेवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. मग भांडं तळहातावर तोलून टिचकी मारा. कुंभाराकडे माठ घेताना आई वाजवून घ्यायची, तेच हे. अखंड भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मऊ मातीच्या जाड भांड्याचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला असतो, त्यामुळे शेजारचं तसंच दुसरं भांडं वाजवून तुलना करावी.

बुडावरचा शिक्का

शिक्का दोन प्रकारचा असतो. एक साच्यातच कोरलेला, म्हणजे मातीत खोलगट किंवा उठावाचा. दुसरा शाईने उमटवलेला. तिसरा प्रकार म्हणजे काहीच नसणं, त्याविषयी पुढे सांगते.

नाव वाचता आलं तर उत्तमच, पण नावाच्या आजूबाजूच्या बारीक अक्षरांवरूनही वय कळतं. गोलातला आर, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, अमेरिकेत १९४६ च्या कायद्यानंतर रुळली. ‘डिशवॉशर सेफ’ असेल तर भांडं दुसऱ्या महायुद्धानंतरचं. ‘मायक्रोवेव्ह’ हा शब्द दिसला तर ‘आजीच्या लग्नातलं’ ही विक्रेत्याची गोष्ट हसून सोडून द्यावी. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ च्या आधीचं नाही. ‘ओव्हन प्रूफ’ मात्र १९३० च्या दशकापासून दिसतं, त्यावरून फारसं काही ठरत नाही.

होमर लाफलिन या मोठ्या कारखान्याच्या शाईच्या शिक्क्याखाली कधीकधी एक ओळ सापडते: एक अक्षर, दोन आकडे, मग ‘एन’ आणि आणखी एक आकडा. पहिलं अक्षर महिन्याचं, दोन आकडे सालाचे, शेवटचा भाग कारखान्याचा. म्हणजे ‘डी ४७ एन ८’ हे एप्रिल १९४७ चं, आठ नंबरच्या कारखान्यातलं. ही ओळ पहिल्यांदा उलगडते तेव्हा पत्रावरचा पोस्टाचा शिक्का वाचल्यासारखं वाटतं.

नुसतं ‘यूएसए’ आणि खाली तीन-चार आकडी नंबर असेल तर गोंधळू नका. ओहायोतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या कितीतरी कारखान्यांनी एवढंच छापलं. तो नंबर साच्याचा असतो, सालाचा नव्हे. ‘१९३६’ नंबर बघून भांडं १९३६ सालचं समजणारे खूप भेटतात. तिथे आकार, माती आणि झिलई यांवरून कारखाना शोधावा लागतो.

शिक्का नाही म्हणून भांडं टाकाऊ ठरत नाही. होमर लाफलिननेच वूलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीसाठी ‘हार्लेक्विन’ नावाची रंगीत भांडी काढली आणि त्यांवर शिक्का मारला नाही. उलट शिक्का आहे म्हणून भांडं खरं, असंही नाही. मॅकॉय या ओहायोतल्या कारखान्याच्या नावाचे खोटे शिक्के बाजारात इतके आहेत की, माझ्या मते, नवशिक्याने मॅकॉयची बिस्किटांची बरणी पहिलं वर्षभर घेऊच नये.

माती

बुडाशी जिथे झिलई नसते तिथे मातीचा रंग बघा. टवका उडालेला असेल तर तिथेही. पांढरट, सच्छिद्र, पाण्याचा थेंब पिणारी माती म्हणजे अर्दनवेअर. १९३० ते ५० मधली बरीचशी रंगीत भांडी याच मातीची. राखाडी किंवा फिकट तपकिरी, घट्ट आणि वजनदार असेल तर स्टोनवेअर. आपली लोणच्याची बरणी त्याच जातीची. पिवळसर असेल तर ओहायोतल्या क्रूक्सव्हिल, रोझव्हिल या गावांकडे संशय न्यावा. टॉर्च मागे धरल्यावर उजेड आरपार दिसला तर ते पोर्सेलीन, या लेखाच्या बाहेरचं.

कोणाचं आहे?

नावं शेकड्याने आहेत, सगळी पाठ करायची गरज नाही. पण नदीकाठचं एक गाव ओळखीचं करून घ्या. पिट्सबर्गच्या बालाजीला जाणाऱ्या मराठी मंडळींना देवळापासून तासाभराच्या अंतरावर ईस्ट लिव्हरपूल हे गाव आहे याचा पत्ता नसतो. जेम्स बेनेट या इंग्रज कुंभाराने १८३९ मध्ये तिथे भट्टी लावली. जवळ माती, भट्टीला कोळसा, माल न्यायला ओहायो नदी. पुढे गाव अमेरिकेच्या कुंभारकामाची राजधानी म्हणवून घेऊ लागलं. जुन्या पोस्टाच्या इमारतीत आता सिरॅमिक्सचं संग्रहालय आहे. एक दुपार तिथे घालवलीत तर महिनाभर इंटरनेट चाळण्याची मेहनत वाचेल.

पलीकडच्या काठावर, वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएलमध्ये, होमर लाफलिनचा कारखाना १९०७ पासून. त्यांची ‘फिएस्टा’ १९३६ मध्ये आली. फ्रेडरिक हर्टन रीड यांचं डिझाइन: कडेला एकात एक गोल वळी, नक्षी काही नाही, फक्त रंग. लाल, गडद निळा, पिवळा, फिकट हिरवा आणि हस्तिदंती, मग लगेच फिरोजी. मंदीच्या काळात लोकांनी हे वेगवेगळे रंग एकाच टेबलावर मांडले आणि फिएस्टा घराघरात गेली.

शिकायला फिएस्टाइतकं चांगलं भांडं नाही, कारण तिच्यात सगळ्या खाचाखोचा आहेत. लाल रंग, जो खरं तर नारिंगी दिसतो, युरेनियमच्या ऑक्साइडचा होता. महायुद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं आणि १९४३ मध्ये लाल बंद पडला. १९५९ मध्ये तो परत आला. पन्नाशीच्या दशकात गुलाबी, करडा, गडद हिरवा आणि शार्त्रूज, म्हणजे पिवळट हिरवा, असे चार नवे रंग होते. मग १९५९ ते १९६९ ‘मीडियम ग्रीन’, तेव्हा विक्री घटलेली असल्यामुळे थोडाच निघाला आणि आज त्याचेच सर्वांत जास्त पैसे पडतात. नवशिके फिकट हिरव्याला मीडियम ग्रीन समजतात. फिकट हिरवा पोपटी-पांढरट, मीडियम ग्रीन पावसानंतरच्या हिरवळीसारखा भरलेला. दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघा, पुन्हा चूक होणार नाही. आणि झाकणाचा फिरोजी कांदा-सूपचा वाडगा दिसलाच, तर आवाज न चढवता पैसे द्या आणि बाहेर पडा. तो आकार बंद होता होता फिरोजी रंग आला, त्यामुळे त्या जोडीचे मोजकेच नग निघाले. आज त्यांचा भाव हजारो डॉलरमध्ये आहे.

फिएस्टा १९७३ मध्ये थांबली आणि १९८६ मध्ये नव्या, शिशाविरहित झिलईत परत आली. ती आजही बनते आणि नावही तेच आहे. इथे मी आपटले. एका अँटिक मॉलमध्ये मोठी फिरोजी चॉप प्लेट, म्हणजे गोल प्लॅटर, चिठ्ठीवर ‘१९४०’ लिहून ठेवलेली होती. रंग जुना, नाव जुनं, मी पंचेचाळीस डॉलर मोजले. घरी आल्यावर खिडकीपाशी पालथी घातली. जुन्या फिएस्टाच्या ताटल्या बुडासकट पूर्ण झिलईत बुडवलेल्या असत आणि भट्टीत तीन टोकदार खुंट्यांवर टेकवलेल्या असत. त्या खुंट्यांचे तीन बारीक ओरखडे खालच्या बाजूला राहतातच. माझ्या प्लेटला ओरखडे नव्हते, उलट बुडाचं कडं झिलई पुसून कोरडं केलेलं होतं. ते नव्याचं लक्षण. मग टेप काढली: पावणेबारा इंच. जुन्या चॉप प्लेट कारखान्याच्या यादीत तेरा आणि पंधरा इंची; टेपने थोड्या कमी भरतात, पण इतक्या लहान नसतात. फिरोजी रंग १९८८ पासून नव्यातही आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विक्रेत्याने फसवलं की त्यालाही माहीत नव्हतं, देव जाणे. ती प्लेट आता घरी भजी ठेवायला आहे आणि त्या कामाला अगदी बेस्ट आहे, शिशाचं भय नाही. टेप मात्र तेव्हापासून पर्समध्ये असते.

बाकीच्यांची ओळख जरा भराभर करून देते.

डिझायनर रसेल राइट यांची ‘अमेरिकन मॉडर्न’ स्टुबेनव्हिल पॉटरीने १९३९ ते १९५९ बनवली. बुडावर राइट यांची सही असते. कड नाही, नक्षी नाही, सगळं मातीच्या गोळ्यातून आपोआप वळल्यासारखं. तिची सेलरी डिश, म्हणजे सेलरीचे दांडे वाढायचं लांबट भांडं, बघाल तर दोन्ही काठ आत मुडपलेले, ओल्या पानाचा द्रोण लांबवावा तशी. माती ठिसूळ असल्यामुळे टवक्यांशिवाय सापडणं कठीण. करडा आणि शार्त्रूज हे रंग सहज मिळतात.

कॅलिफोर्नियात ग्लॅडिंग मॅकबीन कंपनीच्या ‘फ्रान्सिस्कन’ या नावाने निघालेल्या भांड्यांतली ‘ॲपल’ १९४० ची, ‘डेझर्ट रोझ’ १९४१ ची. उठावाची नक्षी, हाताने रंगवलेली. १९८४ मध्ये तिथला कारखाना बंद झाला आणि उत्पादन इंग्लंडला गेलं, म्हणून शिक्क्यात ‘कॅलिफोर्निया’ आहे की ‘इंग्लंड’ एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं. लॉस एंजेलिसची बाउअर पॉटरी १९६२ मध्ये बंद पडली. पुढे पुन्हा सुरू झालेल्या भांड्यांवर ‘२०००’ असा आकडा दिसतो.

ईस्ट लिव्हरपूलच्या हॉल चायनाने ज्युएल टी कंपनीसाठी ‘ऑटम लीफ’ १९३३ ते १९७६ काढली. दारोदार चहा-कॉफी विकणाऱ्यांकडून गिऱ्हाइकाला हे भांडं बक्षीस मिळे. आपल्याकडे चहाच्या पुड्याबरोबर चमचा किंवा पेला मिळायचा, तोच प्रकार. क्रूक्सव्हिलच्या वॉट पॉटरीचे सफरचंदवाले वाडगे १९५२ पासूनचे. कारखाना १९६५ मध्ये जळाला तो कायमचा. काही वाडग्यांवर गावातल्या किराणा दुकानाची जाहिरात छापलेली असते आणि त्या गावचे लोक त्यासाठी जास्त मोजतात. मिनेसोटाच्या रेड विंग पॉटरीची ‘बॉब व्हाइट’, लावे पक्षी रंगवलेली, १९५६ ची. तो कारखाना १९६७ मध्ये संपाच्या वेळी बंद झाला.

आणि प्रत्येक थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, दिसणारी, तपकिरी अंगावर कडेने फेस ओघळलेली भांडी? ती हल, फाल्ट्सग्राफ, मॅकॉय आणि आणखी चार कारखान्यांची. दणकट, देखणी, आणि इतकी आहेत की भाव येत नाही. वापरायला घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

दोष शोधणं

टवका आणि तडा सगळ्यांना दिसतो. अडचण केसाएवढ्या चिरेची असते. टॉर्च भांड्याच्या आतून लावा आणि बाहेरून बघा, चीर रेघेसारखी उमटते. झिलईवरची बारीक जाळी हा वेगळा प्रकार. माती आणि झिलई थंड होताना वेगवेगळ्या आकसतात, म्हणून ती पडते. जाळी असली तरी भांडं विकलं जातं. जाळीत चहाचा किंवा चरबीचा तपकिरी डाग उतरला असेल तर भाव खाली येतो. आपल्या घरातला शत्रू हळद. जाळीत शिरलेली हळद पुन्हा निघत नाही, आणि ब्लीच तर मुळीच वापरू नका. ते मातीत मुरतं आणि पुढे झिलई सुटू लागते.

डागडुजी ओळखायला पाच-सात डॉलरचा निळा-जांभळा यूव्ही टॉर्च घ्या. डेझर्ट रोझच्या झाकणावर धरायला गुलाबाची कळी असते, आणि तिचं टोक हमखास उडालेलं असतं. एका सेलमध्ये असं झाकण दिवसाच्या उजेडात निर्दोष दिसत होतं. कोपऱ्यात अंधारात टॉर्च मारला तर कळीचं टोक तेवढं पांढरट चमकलं. कुणीतरी एपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा डिंक, लावून वर रंग दिला होता. नखाने दाबलं तर तो भाग काचेसारखा गार नव्हता, किंचित मऊ लागला. मी घेतलं, पण निम्म्या भावात, आणि पुढे देताना कागदावर लिहून दिलं.

भाव

सर्वांत मोठी चूक म्हणजे मागितलेली किंमत म्हणजे भाव समजणं. कुणीही काहीही मागू शकतं. ईबेवर शोधताना ‘सोल्ड आयटम्स’ची खूण करा, म्हणजे प्रत्यक्षात विकले गेलेले नग दिसतात. गेल्या तीन महिन्यांतले पाच-सहा नग बघा. रंग, माप, झाकण आणि दोष जुळणारेच धरा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून मधल्यांकडे बघा. नॉर्थ कॅरोलिनातली रिप्लेसमेंट्स ही कंपनी फुटलेल्या सेटचे सुटे नग विकते. त्यांचा दर म्हणजे नेमका तोच नग आजच हवा असणाऱ्याने मोजायचा दर. तुमच्या हातात पडणारा भाव त्याच्या बराच खाली. विम्यासाठी तो दर उपयोगी, विकण्यासाठी नाही.

मग वजाबाकी करा. समजा एक प्लॅटर चाळीस डॉलरला विकलं जातं, पोस्टेज धरून. भांडं जड, खोक्यात खोकं घालून पाठवायचं, त्याचे पंधरा-सोळा गेले. साइटचं कमिशन साधारण तेरा-चौदा टक्के, म्हणजे आणखी पाच-सहा. बबल रॅप आणि टेपचे दोन. उरले सोळा-सतरा. म्हणजे तुम्ही ते दहाला घेतलंत तर सहा-सात डॉलर आणि एक संध्याकाळ. बाराच्या वर घेऊ नये. हे गणित सेलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर करता आलं पाहिजे.

एस्टेट सेलला शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी अर्धा भाव होतो. खरंच हवं असलेलं पहिल्या दिवशी घ्या. मन द्विधा असेल तर रविवारी या. घासाघीस चालते, पण आपल्या मंडईतल्यासारखी नको. दोन-तीन नग एकत्र घेऊन ‘सगळ्यांचे मिळून इतके’ म्हटलेलं त्यांना आवडतं.

जेवायला वाढावं का?

जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. चिंचेची आमटी, सोलकढी, टोमॅटोचं सार, लोणचं यांपैकी काहीही १९७० च्या आधीच्या रंगीत भांड्यात ठेवू नका. जाळी पडलेल्या भांड्यात तर नाहीच. मायक्रोवेव्हही नको. जुनी लाल फिएस्टा किरणोत्सर्गी आहे. कपाटात ठेवल्याने काही होत नाही, पण तिच्यात खाणं-पिणं करू नये, असा अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेचाही सल्ला आहे. माझी लाल सॉसबोट भिंतीवरच्या फळीवर असते. पाहुण्यांना गीगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, टिकटिकताना ऐकवण्यापुरती ती खाली येते.

शेवटचं, झाकणांविषयी. भांडं आणि झाकण नेहमी वेगवेगळं गुंडाळा आणि झिलईवर चिकटपट्टी थेट लावू नका, रंग सुटून येतो. आणि कुठे नुसतं झाकण एक-दोन डॉलरला दिसलं, भांडं नसलेलं, तर घेऊन ठेवा. माझ्या कपाटात अशी सात आहेत. आठवं होतं फिएस्टाच्या साखरदाणीचं, पिवळं. गेल्या महिन्यात आयोवातल्या एका बाईंनी ते नेलं. त्यांच्याकडे नुसती साखरदाणी गेली एकवीस वर्षं उघडी होती.